सोमल

सोंगह्वा गोठली की तिचे ठोकळे कापतात.
ग्वान दशुन त्याच कामावर, चौदा हिवाळे,
करवत, आकडा, दोर, गुडघ्यांपर्यंत नमद्याचे बूट.
यंदा मांडीवर निळे डाग दिसले.
ठोकळा लागला असेल, म्हणाला.
मग दात घासताना रक्त आलं
आणि थांबायचं विसरलं.

हार्बिनच्या या इस्पितळात, तळघरात,
रात्रपाळीला मी असते.
माझं काम दोनच गोष्टींचं: अंधार करायचा, मोजायचं.
निरोगी पेशीच्या गाभ्यात हिरवे ठिपके दिसतात,
दहा, बारा, कधी वीस.
ती प्रथिनांची चावडी. तिथे जागल्या बसतो.
पेशी दोन व्हायला निघाली की हाक येते:
थांब.
प्रत नीट उतरली का? वय झालं का तुझं?
हाकेसरशी उठतो त्रेपन्न नंबरचा थोरला
(नाव वजनावरून पडलं, वजनच चुकीचं निघालं,
नाव मात्र राहिलं)
आणि फारच बिघडलं असेल तर सांगतो,
आता तू मर. आवाज न करता.
रोज किती जणी ऐकतात! आपल्याला पत्ताही नसतो.

दशुनच्या काचपट्टीवर चावडी नव्हती.
पंधरा आणि सतरा, दोन गुणसूत्रं तुटली,
सांधताना शेपट्या बदलल्या.
जागल्याच्या मानेखाली भलत्याचंच धड.
ते जिथे जाईल तिथे खऱ्या जागल्यालाही ओढून नेतं.
हिरवा भुगा. शेकडो कण,
जात्याभोवती पीठ सांडावं तसा.
आणि पेशी? मिसरूड न फुटलेली पोरं.
मोठी होत नाहीत,
नुसती वाढत जातात.

छू बाईंनी सोमल लिहून दिला.
"उंदरांना घालतात तो?" दशुनच्या आईने विचारलं.
"तोच. मापात."
म्हातारी गप्प झाली. मग म्हणाली,
"माप कोण धरतंय, ते मला दाखवा."
सलाईन लावणाऱ्या पोरीचे हात
तिने बराच वेळ पाहिले.

सोमल सरळ जागल्यालाच चिकटतो.
त्या विचित्र सांध्यासकट त्याला गोळा करतो,
जोडधड मोडीत काढतो,
जे अस्सल ते उरतं.
सातव्या रात्री एका पेशीत नऊ ठिपके मोजले.
पुन्हा मोजले. दिवा बंद करून थोडी बसले.
कुणाला सांगायचं, पहाटेचे साडेतीन.

अकराव्या दिवशी त्याला श्वास पुरेना.
पोरं एकदम मोठी झाली होती, सगळी मिळून,
फुप्फुसांत गर्दी करून उभी.
वयात येण्याचाही एक पूर असतो,
हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं.
स्टेरॉइड दिलं. दोन रात्री. ओसरला.

आई रोज गोठलेले नाशपाती आणते,
काळेकुट्ट, दगडासारखे.
त्याला अजून कच्चं चालत नाही, तरी आणते.
खिडकीपाशी वाडग्यात गार पाण्यात ठेवते.
हळूहळू बर्फ बाहेर येतो,
फळाभोवती काचेचं कवच धरतं,
आतला गर मऊ पडतो.
कवच ती चमच्याने फोडते
आणि नाशपाती मला देते.

काल अकरा नंबरच्या खाटेची पट्टी आली.
भूगोल शिकवणाऱ्या बाई, आजार दुसरा.
त्यांच्या पेशींत त्रेपन्नचा रंग इतका गडद लागला
की नवख्याला वाटावं, पहारा कडेकोट आहे.
पण थोरल्याचा एकच दुवा बदललेला.
हजेरी पूर्ण, हातात काठी नाही.
हाक जाते, कुणी उठत नाही,
म्हणून तो तिथेच साचत राहतो.
त्यावर सोमल चालत नाही.
अहवालात मी "तीव्र" असं लिहिलं, रंगाविषयी,
खाली सही केली.

ओठांवर नाशपातीचा चिकट गोडवा होता.
वर, चौथ्या मजल्यावर, बाई जाग्या असतील.
त्यांना झोप येत नाही म्हणतात.
भिंतीवरच्या नकाशात
नद्यांची नावं वाचत बसतात.